सगळं दोन-दोन असूनही शेअर बाजार चार तास का थांबला? सर्व्हर क्लस्टर आणि सामायिक स्टोरेजचा धडा

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. फ्युचर्स आणि ऑप्शन्सची मासिक एक्स्पायरी दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळे बाजारात उलाढाल जोरात होती. सकाळी दहाच्या सुमारास निफ्टीचा आकडा स्क्रीनवर हलेनासा झाला. आपलंच नेट गेलं असावं असं कुणालाही वाटेल, असा तो प्रकार होता. पण बिघाड मोबाईलमध्ये नव्हता आणि ब्रोकरच्या अ‍ॅपमध्येही नव्हता.

११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सगळे व्यवहार थांबवत असल्याचं जाहीर केलं. देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार त्यानंतर दुपारी पावणेचारपर्यंत बंद राहिला. नेहमीची बंद होण्याची वेळ साडेतीनची, पण त्या दिवशी तो पाच वाजेपर्यंत चालवावा लागला.

एनएसईकडे पैसा कमी नव्हता आणि यंत्रंही कमी नव्हती. मुख्य डेटा सेंटर मुंबईत, जवळच दुसरं केंद्र आणि आपत्तीसाठी राखीव असलेलं तिसरं केंद्र चेन्नईत होतं. मुंबईतल्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या लाइन्सही एकाच कंपनीच्या नव्हत्या. त्या दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या.

मग एवढं सगळं असताना बाजार बंद का पडला?

त्याचं उत्तर सर्व्हरच्या मागे असलेल्या स्टोरेजमध्ये आहे. आज बँका, सरकारी पोर्टल आणि हॉस्पिटलच्या नोंदी याच रचनेवर चालतात. शिवाय या बिघाडाच्या निमित्ताने सुरू झालेल्या सुधारणांचा एक मोठा टप्पा १ एप्रिल २०२५ पासून लागू झाला आहे. म्हणूनच हे प्रकरण पुन्हा समजून घ्यायला हवं.

आधी क्लस्टर म्हणजे काय ते पाहू

एखादी सेवा एकाच सर्व्हरवर चालत असेल आणि तो बंद पडला, तर सेवाही बंद पडते. यावर उपाय म्हणून दोन, तीन किंवा अधिक सर्व्हर एकत्र बांधले जातात. या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड.

हे नोड सतत एकमेकांना 'मी जिवंत आहे' असा छोटा संदेश पाठवत राहतात. तंत्रज्ञ त्याला हार्टबीट म्हणतात. एखाद्या नोडचे ठोके थांबले की दुसरा नोड त्याचं काम उचलतो. याला फेलओव्हर म्हणतात. सगळं नीट जुळलेलं असेल तर ग्राहकाला फार तर काही सेकंदांचा अडथळा जाणवतो.

या धंद्यात विश्वासार्हता टक्क्यांत मोजतात. ९९.९ टक्के ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ वर्षातून जवळपास पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटं आणि ९९.९९९ टक्के म्हणजे अवघी सव्वापाच मिनिटं. पुढचा प्रत्येक नऊ मिळवण्यासाठी खर्च वाढत जातो.

काउंटर अनेक, वही एकच

एका नोडचं काम दुसऱ्याने उचलायचं, तर त्याच्याकडे तीच माहिती हवी.

किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. दुकानात तीन काउंटर आहेत, पण उधारीची वही एकच आहे. पहिल्या काउंटरवरचा माणूस जेवायला गेला तरी दुसरा तीच वही उघडून हिशेब पुढे चालवू शकतो. तिघांकडे वेगवेगळ्या वह्या असत्या, तर कुणाकडे किती बाकी आहे यावरून संध्याकाळी भांडणं झाली असती.

क्लस्टरमधली ही वही म्हणजे सामायिक स्टोरेज. डेटा कुठल्याही एका सर्व्हरच्या डिस्कवर ठेवला जात नाही. तो एका वेगळ्या, मोठ्या स्टोरेज यंत्रणेत असतो आणि सगळे नोड तिथूनच वाचतात, तिथेच लिहितात. सर्व्हर आणि या स्टोरेजला जोडणाऱ्या खास जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. बोलीभाषेत फक्त 'सॅन'.

सॅन उभारताना बहुतेक गोष्टी जोडीने बसवतात. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्ड, त्यातून निघणाऱ्या केबल दोन वेगळ्या स्विचकडे, आणि तिथून स्टोरेजच्या दोन वेगळ्या कंट्रोलरकडे. एक वाट बंद पडली तर दुसरी चालू राहावी, हा हेतू. याला मल्टिपाथिंग म्हणतात.

कागदावर हे सगळं पक्कं दिसतं. पण एक गोष्ट बदलत नाही. काउंटर कितीही वाढवले तरी वही एकच राहते. सर्व्हर पडला तर दुसरा आहे, पण वहीच उघडेनाशी झाली तर तिन्ही काउंटर एकाच वेळी ठप्प होतात.

मग दुसरी वही का ठेवत नाहीत?

ठेवतात. मोठ्या संस्था दुसऱ्या इमारतीत दुसरं स्टोरेज ठेवतात आणि पहिल्यावर लिहिलेली प्रत्येक नोंद दुसऱ्यावरही उतरवतात. पण त्याच्या दोन पद्धती आहेत, आणि दोन्हींना किंमत मोजावी लागते.

पहिल्या पद्धतीत, नोंद दोन्हीकडे उतरल्याशिवाय 'झालं' असं म्हणायचंच नाही. यात एकही नोंद हरवत नाही, पण प्रत्येक नोंदीला दुसऱ्या केंद्रापर्यंत जाऊन परत यावं लागतं. फायबर केबलमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर कापायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. दुसरं केंद्र त्याच शहरात असेल तर हा उशीर नगण्य. मुंबई ते चेन्नई हे अंतर मात्र सरळ रेषेतही हजार किलोमीटरच्या वर आहे. तिथे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद लागणार. सेकंदाला हजारो ऑर्डर हाताळणाऱ्या बाजाराला हे परवडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत, इथे नोंद झाली की 'झालं' म्हणायचं आणि दूरच्या केंद्राकडे ती थोड्या वेळाने पाठवायची. यात वेग टिकतो, पण अचानक बिघाड झाला तर शेवटच्या काही नोंदी तिकडे पोहोचलेल्याच नसतात.

म्हणूनच अनेक वित्तीय संस्था जवळ एक केंद्र आणि दूर एक केंद्र अशी तिहेरी रचना करतात. जवळचं केंद्र एकही नोंद हरवू नये म्हणून, आणि दूरचं पूर, भूकंप किंवा आगीसारख्या संकटासाठी. एनएसईची रचनाही अशीच होती.

खरा पेच: केंद्रांमधला संपर्क तुटला तर?

समजा दोन्ही केंद्रं ठणठणीत आहेत, पण त्यांच्यातली लाइन तुटली आहे. आता प्रत्येकाला वाटणार की पलीकडचा मेला. दोघांनीही 'आता मालक मी' असं ठरवलं, तर दोन वह्यांत दोन वेगवेगळे हिशेब लिहिले जातील आणि नंतर ते जुळवणं महाकठीण होईल. या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात. क्लस्टर सांभाळणाऱ्यांना सर्वात जास्त भीती याचीच असते.

ती टाळण्यासाठी दोन उपाय वापरतात. पहिला कोरम, म्हणजे बहुमत. ज्या बाजूला निम्म्याहून जास्त मतं असतील, तिनेच काम चालू ठेवायचं आणि दुसरीने गप्प बसायचं. दोनच बाजू असतील तर तिसऱ्या ठिकाणी एक छोटा साक्षीदार ठेवतात. त्याचं मत ज्याला, तो मालक.

दुसरा उपाय फेन्सिंग, म्हणजे कुंपण घालणं. ज्या नोडवर शंका आहे त्याचं लिखाण स्वीकारायचं नाही, असं स्टोरेजलाच बजावलं जातं, किंवा त्या नोडची वीज थेट तोडली जाते. या दुसऱ्या प्रकाराला तंत्रज्ञांनी 'स्टोनिथ' असं नाव दिलं आहे. 'शूट द अदर नोड इन द हेड' याचं ते लघुरूप. नाव विनोदी असलं तरी काम गंभीर आहे. अर्धवट जिवंत नोड डेटाची नासाडी करू शकतो, म्हणून तो पूर्ण बंद झाल्याची खात्री करूनच पुढे जायचं.

हे नीट बसलं नाही तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण गिटहबचं. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी बिघडत चाललेलं नेटवर्क उपकरण बदलताना त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंदांसाठी तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचा डेटाबेस मुख्य म्हणून निवडला. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर एकमेकांकडे नसलेल्या नोंदी होत्या. त्या जुळवेपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली.

तुटलं ४३ सेकंद, दुरुस्तीला गेला पूर्ण दिवस.

त्या दिवशी एनएसईत काय घडलं?

एनएसईने महिन्याभराने, मार्च २०२१ मध्ये, या घटनेचं सविस्तर स्पष्टीकरण दिलं. त्यानुसार घटनाक्रम असा होता.

मुंबईतलं मुख्य केंद्र आणि जवळचं केंद्र यांना जोडणाऱ्या लाइन्स दोन्ही टेलिकॉम कंपन्यांकडून अस्थिर झाल्या. कारण होतं दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चालू असलेलं खोदकाम आणि बांधकाम.

आता खरं तर फार बिघडायला नको होतं. जवळच्या केंद्राशी संपर्क तुटला तर मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायचं, एवढंच अपेक्षित होतं. पण सॅन अनपेक्षित वागली. मुख्य केंद्रातलं स्टोरेज त्याच केंद्रातल्या सर्व्हरना दिसेनासं झालं. सर्व्हर चालू होते, पण त्यांना वही उघडता येत नव्हती.

फेलओव्हरचं जे तर्कशास्त्र पुरवठादाराने बसवलं होतं, ते ठरलेल्या रचनेप्रमाणे नव्हतं, असं एनएसईने सांगितलं. सॅनच्या कॉन्फिगरेशनमध्येही उणिवा आढळल्या.

या स्टोरेजवर अवलंबून असलेल्या यंत्रणा एकामागोमाग गेल्या. एनएसई क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा, क्लिअरिंग आणि सेटलमेंट, निर्देशांक मोजणारी आणि बाजारावर नजर ठेवणारी यंत्रणा, सगळ्यांना फटका बसला. निफ्टीचा आकडा थिजला तो यामुळेच.

जोखीम व्यवस्थापन यंत्रणा म्हणजे बाजाराचा ब्रेक. कुणाकडे किती मार्जिन आहे आणि कोण ऐपतीबाहेर सौदे करतंय, यावर ती लक्ष ठेवते. ब्रेक नसलेली गाडी हायवेवर ठेवता येत नाही. म्हणून बाजार थांबवावा लागला.

चेन्नईचं केंद्र कशासाठी होतं?

हाच प्रश्न सेबीने त्याच दिवशी विचारला. व्यवहार आपत्तीसाठीच्या केंद्रावर का हलवले नाहीत, याचा खुलासा करण्यास एनएसईला सांगण्यात आलं.

दूरच्या केंद्रावर जाणं म्हणजे बटण दाबण्याइतकं सोपं नसतं. तिथला डेटा किंचित मागे असू शकतो. सगळ्या ब्रोकरांची जोडणी तिकडे वळवावी लागते. दुपारी दुरुस्ती झाली तर परत यायचं कसं, हेही ठरवावं लागतं. त्यामुळे जबाबदार अधिकाऱ्यांचा कल बहुतेक वेळा 'अजून थोडा वेळ पाहू, इथेच दुरुस्त होईल' याकडे असतो. आपत्तीच्या काळातला सगळ्यात महागडा वेळ याच वाट पाहण्यात जातो.

इकडे बाजाराबाहेर या वेळेची किंमत माणसं मोजत होती. एनएसई आज सुरू होईल की नाही हे स्पष्ट नव्हतं. इंट्राडे सौदे दिवस संपण्याआधी मिटवावे लागतात, म्हणून अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे बीएसईवर मिळेल त्या भावाला मिटवून टाकले. त्यानंतर, नेहमीची बंद होण्याची वेळ जेमतेम पाव तासावर असताना, एनएसई पावणेचारला सुरू होणार असल्याची घोषणा झाली. त्या दिवशी सेन्सेक्स हजाराहून अधिक अंकांनी वर बंद झाला. ज्यांनी बाजार पडेल यावर पैसे लावले होते, किंवा ज्यांची खरेदी आधीच मिटवली गेली होती, त्यांच्यासाठी या काही तासांचा हिशेब साधा नव्हता.

पुढे हे प्रकरण सेबीकडे तडजोडीने मिटलं. २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंगने मिळून ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली.

नियम काय बदलले?

मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करायचं. गमवता येणाऱ्या डेटाची मर्यादा १५ मिनिटांची ठेवण्यात आली.

यातला ३० मिनिटांचा नियम सगळ्यात महत्त्वाचा म्हणावा लागेल. तो यंत्राला उद्देशून नाही. 'अजून थोडा वेळ पाहू' म्हणणाऱ्या माणसाला घातलेली ती मर्यादा आहे.

त्यानंतर राखीव केंद्राची परीक्षा प्रत्यक्ष व्यवहारांत घेतली गेली. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन्ही शनिवारी खास सत्रं ठेवण्यात आली. त्यात बाजार मुख्य केंद्रावर सुरू झाला आणि मग राखीव केंद्रावरून चालवण्यात आला. पडताळणी कागदावर न करता खऱ्या पैशांनी झाली.

आणि १ एप्रिल २०२५ पासून एनएसई आणि बीएसई एकमेकांची पर्यायी जागा झाले. एक बाजार बंद पडला तर त्याने ७५ मिनिटांच्या आत सेबीला आणि दुसऱ्या बाजाराला कळवायचं, आणि दुसऱ्याने १५ मिनिटांत पर्यायी व्यवस्था सुरू करायची. हा ७५ चा आकडा वरच्या ३० आणि ४५ मिनिटांच्या बेरजेइतकाच आहे. म्हणजे स्वतःचं राखीव केंद्रही उठलं नाही, तर ग्राहकाला शेजारच्या दुकानात पाठवायचं.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

सामायिक स्टोरेजचा फटका बसलेली एनएसई एकटी नाही.

ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची ऑनलाइन सेवा डिसेंबर २०१६ मध्ये स्टोरेज यंत्रणा कोसळल्याने काही दिवस विस्कळीत झाली. चौकशीत ताण पडलेल्या फायबर केबल्स हे एक कारण निघालं. त्याहून बोलका होता दुसरा निष्कर्ष. दुरुस्तीसाठी लागणारी काही साधनं त्याच कोसळलेल्या स्टोरेजवर ठेवलेली होती. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तशी ही गत.

दक्षिण कोरियाचा धडा आणखी कडू आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सुरुवातीच्या माहितीनुसार ६४७ सरकारी यंत्रणा थांबल्या. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्या 'जी-ड्राइव्ह'वर ठेवायचे, तो ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. बाहेर कुठेही त्याची प्रत नव्हती. इतक्या मोठ्या साठ्याचा बॅकअप ठेवणं शक्य नव्हतं, असं कारण त्यासाठी देण्यात आलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यंत्रणा सतत चालू राहणं आणि डेटा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लस्टर पहिलीची काळजी घेतो, दुसरीची नाही. दुसऱ्या स्टोरेजवर उतरणारी प्रत हा आरसा असतो. मूळ ठिकाणी चुकून फाइल डिलीट झाली किंवा व्हायरसने ती बिघडवली, तर तेच क्षणात आरशातही उमटतं. बॅकअप म्हणजे कालची, वेगळ्या जागी ठेवलेली आणि परत आणता येते हे तपासून पाहिलेली प्रत.

मोबाईलवरही हेच लागू होतं. सिंक चालू असलेल्या गुगल फोटोजमधून एक फोटो डिलीट केला, तर तो त्याच खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून जातो. सिंक हा आरसा आहे. घरच्या हार्ड डिस्कवर वेगळी उतरवून ठेवलेली प्रत हा बॅकअप.

पुढच्या वेळी 'तांत्रिक अडचण' असं वाचाल तेव्हा

कुठलीही सेवा बंद पडली की 'तांत्रिक अडचणीमुळे' असं एक ओळीचं निवेदन येतं. त्यावर समाधान मानायचं कारण नाही. बँक असो, सरकारी पोर्टल असो किंवा शेअर बाजार, तीन प्रश्न विचारता येतात.

एक, जे 'दोन-दोन' म्हणून सांगितलं जातं ते खरंच वेगळं आहे का? दोन कंपन्यांच्या केबल असल्या तरी खोदकाम करणारा जेसीबी कंपनीचं नाव वाचून खोदत नाही.

दोन, बिघाड झाल्यावर कुणी आणि किती वेळात निर्णय घ्यायचा, हे आधी ठरलं होतं का?

तीन, राखीव व्यवस्था शेवटची कधी चालवून पाहिली होती?

२४ फेब्रुवारीला एनएसईकडे दोन केंद्रं, दोन टेलिकॉम कंपन्या आणि चेन्नईचा पर्यायही होता. पण लाइन तुटल्यावर स्टोरेज ठरल्याप्रमाणे वागलं नाही, आणि ती वेळ येईपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसरी वस्तू विकत घेता येते. ती ऐन वेळी चालेल याची खात्री मात्र पहिली बंद करून पाहिल्याशिवाय मिळत नाही.